गंगम्माचा मुलकी दाखला

बेंबळीच्या मठाच्या शांतलिंग स्वामींनी गळ्यातली चांदीची डबी उघडली, शपथेसाठी आतलं लिंग तळहातावर घेतलं, आणि शिवप्पांच्या कपाळावर घाम फुटला. गंगम्माला वाटलं, वडिलांना उन्हाचा आला. सन सेहेचाळीसचा जेठ तापलाही होता तसाच. धाराशिवच्या तहसील कचेरीत पंख्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून शिपाई खुशाल पेंगत होता आणि पंखा जागच्या जागी लोंबत होता.

साक्ष अगदी साधी होती. गंगम्मा ही निजाम सरकारच्या मुलखातली आहे, बाहेरची नाही, एवढं तहसीलदारांना पटलं की तिला मुलकी दाखला मिळणार होता. तो जोडला की हैदराबादच्या डॉक्टरी कॉलेजातला तिचा अर्ज पुरा होणार होता. बाकी सगळं झालं होतं. हैदराबादला मामाकडे राहून ती इंटर सायन्स चांगल्या मार्कांनी पास झाली होती, मुलाखतही झाली होती, आणि मामानं कळवलं होतं की दाखला तेवढा वेळेत पाठवा, जागा पोरीचीच आहे.

डॉक्टर व्हायचं तिनं ठरवलं ते आईच्या पोटदुखीवरून. रुद्रम्मा एकदा अंथरुणाला खिळल्या तेव्हा डॉक्टर घरी आले, ओसरीवरच बसले, आणि बाईमाणसाला कसं विचारायचं म्हणून सगळं शिवप्पांना विचारून गेले. कळ कुठून निघते? किती वेळ राहते? शिवप्पा भुसार मालाचे व्यापारी. ज्वारीचा दाणा दाताखाली धरून कुठल्या शिवारातला ते सांगतील, पण बायकोचं पोट नेमकं कुठं दुखतं हे त्यांना काय ठाऊक? त्यांनी आपलं अंदाजानं सांगितलं. मग औषधही अंदाजाचंच आलं. त्या दिवशी गंगम्माच्या डोक्यात जे बसलं ते बसलंच.

आज निघतानाही रुद्रम्मांनी लेकीला पाटावर बसवून तिच्या कपाळाला कुंकू लावलं होतं. एवढी शिकलेली मुलगी, पण घरी असली की तिला आरशापुढं स्वतःचं कुंकू लावायची सोय नव्हती. ते रुद्रम्मांच्याच बोटानं लागायचं. गंगम्मा वैतागायची, हसायची आणि कपाळ पुढं करायची.

तहसीलदार मोठे सभ्य गृहस्थ होते. मुलगी डॉक्टर होणार म्हटल्यावर त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली होती. तिनं ती घेतली नाही, बापासमोर कशी बसणार?

"बेटी कहाँ पैदा हुई?" त्यांनी स्वामींना विचारलं.

"बेंबळीत. आमच्या मठामागंच घर हुतं ह्यांचं," म्हातारे स्वामी म्हणाले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळं ते तहसीलदारांऐवजी शेजारच्या कपाटाकडे बघून बोलत होते. "बाळंतघरात जाऊन हिच्या गळ्यात लिंग म्याच बांधलं."

जन्म कुठं झाला हे सांगायला याहून भला साक्षीदार कुठला? म्हणून तर शिवप्पांनी त्यांना बेंबळीहून गाडी जुंपून आणलं होतं. पेशकारानं उर्दूत भराभरा लिहून घेतलं. बाप मुलकी, आजा मुलकी, जन्म बेंबळीचा. काम झाल्यात जमा होतं. इतक्यात तहसीलदारांनी जाता जाता विचारलं, "शादी?"

शिवप्पांनी हा प्रश्न धरलाच नव्हता. शेजारच्या पोराच्या दाखल्याला ते स्वतः साक्षीला आले होते, तेव्हा लग्नाचं कुणी काढलं नव्हतं. पोराला कशाला विचारतील?

"न्हाय साहेब," ते म्हणाले. "कुवार हाय पोरगी."

"स्वामीजी, दुरुस्त?"

तळहातावरच्या लिंगावर स्वामींनी दुसरा हात धरला. मग हलक्या आवाजात, जसं काही खोलीत दोघंच आहेत, ते म्हणाले, "हातात लिंग हाय, शिवप्पा. तू असं कसं म्हनतोस? हिच्या डोक्यावर अक्षता बी म्याच टाकल्या की. बार्शीच्या घरी दिलीया हिला."

गंगम्माला आधी वाटलं, म्हाताऱ्याचा घोटाळा झाला. दुसऱ्या कुणाची तरी मुलगी याच्या ध्यानात आहे. कोण असेल बिचारी, असंही तिच्या मनात येऊन गेलं. हसून ती आप्पांकडे वळली. आप्पा खाली फरशीकडे बघत होते, आणि पागोट्याखालून आलेला घाम पुसायलाही त्यांचा हात उठत नव्हता.

तेव्हा तिला कळलं. अंगातलं रक्त कुणी काढून घ्यावं तशी ती गार पडली. खुर्ची तिथंच होती. आता मात्र ती बसली, बाप समोर असून बसली.

तहसीलदारांनी कलम खाली ठेवलं. "बार्शी तो अंग्रेजी इलाका है. औरत का मुल्क वही, जो शौहर का मुल्क. फिर ये मुलकी कैसे?" त्यांनी शिवप्पांकडे पाहिलं. "शौहर ज़िंदा है?"

शिवप्पांनी स्वामींकडे पाहिलं. स्वामींना ठाऊक नव्हतं. "हे लोक गाव सोडून हिकडं आले, पुढचं मला काय म्हाईत? म्या म्हनलं, जावईच शिकवत असतील."

तहसीलदार उठले. नमाजाची वेळ झाली होती. "नमाज के बाद आइए," ते म्हणाले. "सोच के आइए. शौहर ज़िंदा हो तो दाखला नहीं मिलेगा. न हो, तो बेवा का मुल्क फिर बाप का मुल्क."

कचेरीच्या आवारात चिंचेखाली तिघं येऊन बसले. स्वामींना एवढं उमगलं होतं की आपल्या तोंडून काहीतरी भलतं घडलं. ते बिचारे जरा दूर जाऊन पाठ करून बसले.

"आप्पा, मी कुणाची बायको हाय?" गंगम्मानं विचारलं.

हैदराबादला तीन भाषांत वाद घालणारी मुलगी, पण हा प्रश्न तिच्या तोंडून असा आला की शिवप्पांना भडभडून आलं.

"तवा बार्शीत लई बोभाटा झालावता, पोरी. इंग्रजानं कायदा काढला, लहान पोरांची लग्नं लावली की बापाला तुरुंग. जो तो पोरं उजवत सुटला. आमचा सोयरा म्हनला, कायदा तर लागू झाला, पर तुमच्या मोगलाईत कुठं हाय त्यो? तिकडंच लावू. हद्दीवरच्या करोडगिरी नाक्यावर त्यांनी सांगितलं, जत्रंला चाललोय. मठात, पाच-पन्नास मानसांनिशी... गावाला बी फारसं कळू दिलं न्हाय."

"अन् मी?"

"तुला परातीत बसवलंवतं. तू झोपलीवतीस."

गंगम्मा बघतच राहिली. आपल्या आयुष्यातली एवढी मोठी गोष्ट झाली, आणि आपण परातीत झोपलो होतो! तिला रडावं की हसावं तेही कळेना. राग तर असा आला की समोरच्या माणसाला आप्पा म्हणू नये असं वाटलं.

"कुठं हाय तो?"

"गेला," शिवप्पा म्हणाले. "पटकीनं. तू चार वर्साची हुतीस. बार्शीचा मानूस सांगावा घिऊन आला तवा तू अंगनात सागरगोटे खेळत हुतीस. तुझ्या अव्वानं दार लावून घेतलं. म्हनली, ह्या गावात माझ्या लेकीला कुनीतरी एक दिवस रांड म्हनंल, त्याच्या आधी गाव सोडा. सोडलं."

बायको ऐकून ती गार पडली होती. हे ऐकून तिला काहीच झालं नाही, आणि तेच भयंकर होतं. चार वर्षांची असल्यापासून ती विधवा होती. नागपंचमीला फेर धरताना विधवा होती. कासाराकडून हिरव्या बांगड्या भरताना आणि मैत्रिणीच्या लग्नात करवली म्हणून मिरवताना विधवा होती. शेजारणींच्या हळदीकुंकवाला आई तिला पुढं बसवायची, तेव्हाही होती. फक्त तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"पोरगं लई गुनी हुतं," शिवप्पा आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले. "दिवाळीला यायचं. जावई म्हनून म्या तेरखेड्याची शोभेची दारू आनायचो. बार उडाला की तू भोकाड पसरायचीस. मग त्यो खेळ सोडून तुझ्यामागं हुभा ऱ्हायचा, तुझे कान झाकून."

गंगम्माचे हात आपोआप कानांवर गेले. लहानपणचं तिला फारसं काही आठवत नसे, पण एक आठवे: मोठा धडाका, दारूचा वास, आणि मागून कानांवर आलेले दोन ऊन, मऊ तळवे. ते कुणाचे, असं तिनं कितीदा विचारलं होतं. मामाचे, असं अव्वा सांगायची. पण मामाचे हात चांगले राठ होते. हे तिला हैदराबादला कधीच कळलं होतं, अन् तरी तिनं पुढं विचारलं नव्हतं.

आता तिला रडू आलं. बापासाठी नाही, स्वतःसाठीही नाही. त्या पोरासाठी आलं.

शिवप्पा जवळ सरकले. "ऐक. अजून काय बिघडलं न्हाय. त्यो गेला हे अजून कुनी लिवलं न्हाय. म्या आत जाऊन सांगतो, स्वामींचा घोटाळा झाला, दाखला नको. अर्ज मागं घेतो. डाक्टरी ऱ्हाऊ दे बाई. चांगलं घर बघून तुला देतो, कुनाला कळायचं न्हाय. पर एकदा का सरकारी कागदावर 'बेवा' लागलं, की मग..."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. कुमारिका म्हणून घरी जायचं तर डॉक्टरी सोडायची. डॉक्टर व्हायचं तर जन्माचं वैधव्य भर कचेरीत आपल्या तोंडानं कबूल करायचं. पेशकार गावातलाच होता. संध्याकाळपर्यंत बाजारपेठेत ज्याच्या त्याच्या तोंडी तेच झालं असतं. माणसाला सवड तरी किती मिळावी? एका नमाजापुरती.

"आप्पा, सारखं लपूनच ऱ्हायचं का आपण?" तिनं डोळे पुसले. "तुम्ही तवा बेंबळी सोडली, आता मी कुठलं गाव सोडू?"

आत तहसीलदार येऊन बसले होते. "कहिए शिवप्पा."

गंगम्मा पुढं झाली. तिनं गळ्यातलं लिंग काढून तळहातावर घेतलं.

"बेवा लिखिए, साहब."

पेशकाराचं कलम अडलं. तहसीलदारांनी मान खाली घातली. त्या भल्या माणसालाही लेकी असाव्यात. "शौहर का नाम?" त्यांनी हळूच विचारलं, आणि लगेच शिवप्पांकडे वळले. आपल्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं.

पण बापाच्या आधी गंगम्मा बोलली. "शिवलिंग."

चौदा वर्षांत तिच्यासमोर ते नाव कुणी उच्चारलं नव्हतं. चिंचेखालून उठताना तिनं ते आप्पांना विचारून घेतलं होतं, कारण नवऱ्याचं नावही तिला विचारूनच कळायचं होतं. दाराशी बसलेल्या स्वामींनी ते ऐकलं आणि हात जोडले.

"दुरुस्त?" तहसीलदारांनी विचारलं. सकाळी खोटं बोलताना शिवप्पांचा हात गळ्याकडे गेला नव्हता. आता त्यांनी डबी उघडली. "दुरुस्त, साहेब," ते म्हणाले. "पटकीनं गेला."

दाखल्यावर मोहोर उठली.

घरी रुद्रम्मा ओवाळायचं ताट तयार करून दारात उभ्याच होत्या. "मिळाला?"

"मिळाला," गंगम्मा म्हणाली.

रुद्रम्मांनी आनंदानं कुंकवात बोट बुडवलं. मग त्यांची नजर नवऱ्याच्या तोंडाकडे गेली, तिथून लेकीच्या रडून सुजलेल्या डोळ्यांकडे गेली, आणि त्यांचं बोट हवेतच राहिलं. एका बाईला सगळं कळायला एवढं पुरतं. त्या मटकन उंबऱ्यावर बसल्या. ताटातला दिवा कलंडला.

"कुनी सांगितलं तुला?" त्यांचा आवाज ओळखू येईना.

"अव्वा, तुला ठाऊक होतं. तरी रोज लावत होतीस?"

"रोज. माझ्याच हातानं. देवाला म्हनायचे, पाप लागायचं तर ह्या बोटाला लागू दे, पोरीला नको." त्यांनी ते बोट पदराला पुसायला घेतलं. "आता कसं लावू ग?"

गंगम्मा त्यांच्यापुढं खाली बसली. आईचं मनगट धरून तिनं ते बोट पदरापासून सोडवलं, आणि रोज सकाळी करायची तसं कपाळ पुढं केलं. रुद्रम्मांचा हात इतका कापत होता की कुंकू पार भुवईकडे गेलं.

ते नीट करायला शिवप्पांनी कोपऱ्यातला आरसा आणून दिला. गंगम्मानं तो हातात घेतला, पण पाहिलं नाही. कुंकू तिनं तसंच राहू दिलं.