दादाचं रेलणं

लांडग्याने सुताराच्या गोठ्यातली शेळी नेली ती दाराच्या फटीतून. जुन्या फळ्या सुकून सुटल्या होत्या. नाक घातलं, पंजा घातला, फळीच उचकटली त्याने. सकाळी आम्ही शेजारी जमलो, तेव्हा सुताराचा धाकटा भाऊ नव्या फळ्या मांडून अंगणात बसलाच होता. थोरला, म्हणजे सुतार, वारून वर्षही झालं नव्हतं. थोरला जन्माचा लंगडा, पण हात सोन्याचा. त्याचाच जुना रंधा वहिनीने माळ्यावरून काढून दिला. एका फळीला जीभ काढायची, दुसरीला खाच. एकीत एक बसली की दार एकजीव.

पण रंधा ऐकेना. खाच वाकडी, जीभ एका अंगाला जाड.

"पातं बोथट असेल," मी म्हटलं.

"आत्ताच धार लावलीय. केस कापेल."

त्याने पाचर ठोकली, पातं काढून परत बसवलं, तळाला तेल पुसलं. पुन्हा तेच. आणखी एक फळी वाया. ऊन कलायला लागलं, तशा शेळ्या रानाकडे कान करून ओरडायला लागल्या.

मग त्याने रंधा उलटा करून डोळ्यासमोर धरला. फळीच्या कडेला घासत जाणारी बगलेची पट्टी मागच्या टोकाला खोल झिजली होती.

"दादा पायामुळे मागे रेलायचा. सगळा भार इथं. हा त्याच्या रेलण्यालाच सरावलाय."

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही," मी म्हटलं. "नवी पट्टी बसव."

"त्यात दिवस जाईल. लांडगा थांबणारे का?"

तो उठला. डावा पाय मागे ओढून, अंग मागे टाकून, थोरल्यासारखा उभा राहिला. सर्रर्र... पाय फरफटला. सर्रर्र... फरफट. खाच दोरीत, सरळ निघाली.

आतून वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आली. "अहो, ऊन उतरलं, आता तरी जरा टेका..."

उंबऱ्यातच थिजली. पाणी पायावर सांडत राहिलं.

धाकट्याने रंधा खाली ठेवला. "वहिनी, मी आहे."

"ठाऊक आहे, भावजी." ती भिंतीकडे तोंड करून पायरीवर बसली. "थांबू नका. मी बघत नाही. नुसती ऐकते."



दिवस बुडायच्या आत दार बसलं. सुई शिरायची नाही. लांडगा येऊन ओरबाडून गेला. पण धाकटा त्या दिवसापासून पाय ओढतो. वैद्य म्हणतो, पायाला काही झालेलं नाही. तो अंगणातून गेला, की आत वहिनीच्या हातातली भांडी वाजायची थांबतात.