फेस न टिकलेल्या नळ्या

नळी पंधरा सेकंद हलवून ठेवली, की वर आलेला फेस पंधरा मिनिटं तरी टिकायला हवा. या नळीतला चार मिनिटांत विरला. तिने वेळ वहीत लिहिली आणि पेन इतकं दाबलं की मागचं पान फाटलं.

उंदराच्या फुफ्फुसातून धुऊन काढलेलं ते पाणी होतं. फुफ्फुसातल्या हवेच्या इवल्या पिशव्या मिटून चिकटू नयेत म्हणून त्यांना आतून साबणासारखा एक लेप असतो. तो पुरेसा झाला, की पेशींवरचा एक रिसेप्टर 'आता बास' म्हणतो. तो सुस्तावला तर लेप साचत जातो आणि माणूस आतल्या आत बुडतो. प्रयोगशाळा चालवणाऱ्या सरांचं नवं औषध त्या रिसेप्टरला जागं करायचं. या उंदरात त्याने इतकं जागं केलं होतं, की लेप जवळजवळ उरलाच नव्हता.

हा चौथा. आठ महिन्यांपूर्वी तिघांचं असंच झालं, तेव्हा सरांनी ते तिघे हिशेबातून काढून टाकले. धुताना तुझा हात हलला असणार, असं त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं. वर "धुता येईना, उंदीर वाकडा" अशी मल्लिनाथीही केली. सगळे हसले. तीही हसली होती, आणि तेच तिला आजवर डाचत होतं. या औषधावरच्या संशोधन-पेपरवर तिचं नाव पहिलं होतं. नोकरीची मुदत त्यावरच वाढणार होती. ती मूग गिळून बसली.

उंदरांची देखभाल करणारे काका रोज सकाळी प्रत्येक पिंजऱ्याच्या कार्डावर दोन शब्द लिहीत. आज या चौथ्याचं कार्ड देताना ते म्हणाले, "ताई, हा कालपासूनच धापा टाकत होता. त्या तिघांच्या कार्डांवरही मी हेच लिहिलं होतं. तुमच्यात कुणी वाचतं का ते?"

तिने जुनी कार्डं काढली. 'धाप. खात नाही.' तिन्हींवर, धुण्याच्या दोन दिवस आधीची तारीख. म्हणजे हात हलायच्या कितीतरी आधी.

चारही कार्डं तिने सरांच्या टेबलावर मांडली. सरांनी चष्मा वर केला, खाली केला. पेपर दुपारी जाणार होता, पुढच्या महिन्यात पहिल्या पेशंटला औषध द्यायचं होतं. ते समजुतीच्या सुरात बोलत राहिले: असे अपवाद निघतातच, काका काही डॉक्टर नाहीत, आणि तिने स्वतःच्या भवितव्याचा विचार करावा.

"तू हुशार आहेस गं," शेवटी ते म्हणाले, "उगाच राईचा पर्वत करू नकोस."

तिचे कान तापले होते. आवाज मात्र नेहमीसारखाच, हळू निघाला.

"सर, पेपरवरचं माझं नाव काढा. आणि ही कार्डं मी आत्ता पेशंटवरच्या चाचणीला परवानगी देणाऱ्या समितीकडे घेऊन चालले आहे."