दस्तरखानावर डाळ नव्हती

अख्तरबानूंनी घरात आधीच जाहीर करून टाकलं होतं, "त्या बाईला जेवायला येऊ दे. माणूस कसं आहे ते बघीन, मगच पोरीला पाठवायचं की नाही ते ठरवीन. तोवर कुणी बॅगेला हात लावायचा नाही."

पोरगी म्हणजे अफशीन, त्यांची एकुलती एक. शेतकी कॉलेजातून पास झाली आणि नोकरी लागली ती थेट टांझानियात, दार-ए-सलामच्या एका गोदामात डाळी-कडधान्यांची प्रत तपासायची. तिथे ती राहणार रेहमाबाईंच्या घरी. या रेहमाबाई तिकडे गावोगावची तूर गोळा करून जहाजात चढवायच्या, आणि इकडे ती तूर पुण्याच्या मार्केट यार्डात अफशीनच्या वडिलांच्या, जब्बारभाईंच्या गाळ्यावर उतरायची. ओळख काय ती फोनवरची.

"अगं, बाई शंभर नंबरी आहे," जब्बारभाई म्हणाले.

"तुम्हाला सगळेच शंभर नंबरी वाटतात. माल ओला निघेपर्यंत!"

मग मोर्चा लेकीकडे वळला. "वरणाला फोडणी देता येत नाही आणि निघाली आफ्रिकेला."

"अम्मी, मला डाळ तपासायचीय, शिजवायची नाहीये."

"हो का? मग तपासून काय, आरती करतात का डाळीची?"

तोंड असं चालू असलं तरी आतून त्यांचा जीव टांगणीला लागला होता. परक्या मुलखात पोर आजारी पडली, उपाशी झोपली, तर इथे गुलटेकडीत बसून आईला काय कळणार? फोनवर तर सगळेच 'मजेत' असतात.

रेहमाबाईंच्या मुलाने पुण्यातच पदवी घेतली होती. त्या समारंभाला त्या आल्या आणि संध्याकाळी जेवायला इकडे. चांगल्या उंच्यापुऱ्या, अंगात फुलाफुलांचा झगा. दारातच सलाम करून त्यांनी अख्तरबानूंचे हात हातात घेतले. पुढचं सगळं इंग्रजीतून, आणि मध्ये दुभाषी अफशीन.

दस्तरखानावर काय नव्हतं! मटण बिर्याणी, कोरमा, सीख कबाब, शाही तुकडा. जब्बारभाईंनी भीत भीत सुचवलं होतं, जोडीला दालचा कर म्हणून. अख्तरबानू उसळल्याच होत्या. "पाहुणीला डाळ? लोक म्हणतील, व्यापाऱ्याने गोदाम झाडून जेवण घातलं!"

रेहमाबाई जेवल्या, पण मन लावून नाही. सारख्या भांड्यांमधून काहीतरी शोधत होत्या. अख्तरबानूंचा चेहरा उतरला. हिला माझ्या हातचं गोड लागत नाही, ही माझ्या पोरीला काय जीव लावणार?

शेवटी रेहमाबाई अफशीनच्या कानाशी लागल्या. अफशीन अडखळत म्हणाली, "अम्मी, त्या विचारतायत... डाळ नाही का?"

जब्बारभाईंनी घाईघाईने पाण्याचा पेला तोंडाला लावला. अख्तरबानूंच्या मात्र कानशिलापर्यंत लाली चढली. दिवसभर चुलीपुढे उभं राहायचं आणि बाई डाळ मागते!

पण रेहमाबाई बोलत राहिल्या आणि अफशीन सांगत राहिली. "त्या म्हणतायत, आमच्याकडे तूर अख्खीच शिजवतात, नारळाच्या दुधात. जहाजात चढवलेली तूर पुढे कुठे जाते, तिचं काय होतं, मी कधी बघितलंच नाही. मग मुलालाही इकडेच शिकायला पाठवलं. हडपसरला खोलीवर राहायचा. रात्री फोन केला की म्हणायचा, आज पण डाळ-भात. मी विचारायची, आपल्याकडची आहे का रे? त्याला कुठलं कळायला! तो नीट जेवतो की नाही, याच काळजीत मी झोपायची. म्हणून पुण्याची डाळ एकदा खाऊन बघायची होती."

हे सगळं अख्तरबानू महिनाभर मनातल्या मनात बोलत होत्या, आणि ही बाई समुद्रापलीकडून येऊन तेच सांगत होती.

त्या उठल्या, पाहुणीच्या हाताला धरून तिला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि कुकर लावला. रेहमाबाई ओट्याला टेकून शिट्ट्या ऐकत उभ्या राहिल्या. झाकण उघडल्यावर आत वाकून बघितलं, आणि एकदम हसल्या.

"एवढी पिवळी!" अफशीनने सांगितलं.

"हळद आहे म्हणावं. आणि अजून फोडणी व्हायचीय." अख्तरबानूंनी कढलं गॅसवर ठेवलं, तेल ओतलं, मंडईतून आणलेली कोथिंबीर बाजूला काढली. लसूण ठेचला. जिऱ्याचा डबा उघडला आणि त्यांचा हात थांबला.

"अफशीन, इकडे ये. जिरं आधी, लसूण मग, मिरची शेवटी. नीट बघून ठेव. तिकडे यांना कोण करून घालणार?"

अफशीन जागची हललीच नाही. "अम्मी, म्हणजे..."

"म्हणजे काय म्हणजे? तेल तापलंय. जिरं टाक, मग काय रडायचंय ते रड," असं म्हणत अख्तरबानूंनी ओढणीने आपलेच डोळे पुसले.