नाव न दिलेला वास

बबनराव गुरुजींच्या बैठकीचा एक नियम होता आणि त्याला अपवाद नव्हता: दिवा लागला की दाराला कडी. शाळेची नोकरी संपल्यापासून मुकुटबनजवळच्या त्या गावात रोज सायंकाळी सात-आठ माणसे त्यांच्या पुढच्या खोलीत डोळे मिटून बसत. ऐकू येईल ते ऐकावे, वास येईल तो घ्यावा, अंगाला लागेल ते लागू द्यावे. मात्र त्याला नाव देऊ नये. नाव दिले की आवडनावड येते, तिच्यामागून ‘मी’ येतो आणि जाणणारा झाकला जातो, असा त्यांचा सिद्धान्त. गुरुजी तो इतक्या काटेकोरपणे मांडीत की वाद घालायला आलेला माणूसही शेवटी मांडी घालून बसे.

देवीलाल त्यांचा सर्वांत आवडता. तांड्यावरचा, मजुरीने फवारणी करणारा, अक्षरओळख बेताची. पण बसला की दगडासारखा स्थिर. याला साप चावला तर हा आधी साप जाणून घेईल आणि मग ओरडेल, अशी त्याची बायको सुखीबाई त्याची थट्टा करी.

दोन हजार सतराच्या त्या हंगामात कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती. पंप पाठीला लावून ओळीत शिरलेल्याच्या तोंडावरच औषध उडे. सोमवारी फवारणी लांबली. आंघोळीला घरी जावे तर कडी लागणार, म्हणून देवीलाल भिजल्या सदऱ्यानिशी थेट बैठकीला आला आणि दीड तास हलला नाही. पहाटे त्याला ओकाऱ्या सुटल्या. उजाडले, ते त्याला दिसलेच नाही.

बुधवारी गुरुजी एसटीने यवतमाळला निघाले. डोळा जातो, पाहणारा जात नाही. हे आजाऱ्याला कोणत्या शब्दांत सांगावे, याची जुळवाजुळव वाटभर चालली होती.

दवाखान्यात सुखीबाई खाटेशी बसली होती. डॉक्टरीणबाई एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतात, असे तिने सांगितले: औषध अंगावर किती वेळ राहिले? ती स्वतः त्या दिवशी बहिणीकडे राजूरला गेली होती. देवीलाल म्हणतो, वावरातून आलो आणि लगेच आंघोळ केली.

गुरुजींनी देवीलालकडे पाहिले. हे खोटे कोणासाठी बोलले गेले, ते त्यांना तत्क्षणी कळले. आपण गप्प राहिलो तर कोणी काही सांगणार नाही, हेही कळले.

आवाज ओळखून देवीलाल म्हणाला, “गुरुजी, तुमचं खरं हाय. अंधार हाय, अन् अंधार जाणणारा बी हाय. तो काही आंधया नाही झाला.”

गुरुजींना क्षणभर धन्य वाटले, आणि त्याच क्षणी लाजही वाटली.

“पण त्याले सुखीचं तोंड दिसत नाही,” देवीलाल सावकाश म्हणाला. “त्याले त्याचं काही वाटत बी नाही. मले वाटते. मंग मी कोन, गुरुजी?”

वाटेत जुळवलेल्या वाक्यांपैकी एकही जागेवर उरले नाही. गुरुजी सुखीबाईकडे वळले आणि सोमवारची सायंकाळ त्यांनी काहीही न गाळता सांगितली: कडी, ओला सदरा, दीड तास. देवीलाल मध्येच नको नको म्हणू लागला. तिने त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला गप्प केले.

“दीड घंटा,” ती म्हणाली. “अन् त्या खोलीत वास नाही आला कोनाले?”

“आला होता.”

आला होता एवढेच नव्हे, तर गुरुजींनी त्या दिवशी त्या वासाचाच पाठ केला होता. खोलीत आज एक उग्र वास आहे. तो नुसता जाणा, त्याला नाव देऊ नका, असे ते म्हणाले होते. तेही त्यांनी तिला सांगितले.

“नाव द्याले काय झालतं?” तिचा आवाज चढला नाही. “औषध. एवढंच तर नाव हाय. आमच्या तांड्यावरच्या लेकरानं बी देल्लं असतं.”

मग ती उठली. “चाला. डॉक्टरले सांगा. माह्यापाशी सांगून काय फायदा?”

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी सगळे लिहून घेतले आणि हे पहिल्याच दिवशी कळायला हवे होते, असे मान वर न करता म्हटले. दृष्टी परत येईल का, या सुखीबाईच्या प्रश्नावर त्यांनी काही दिवस थांबायला सांगितले. त्या सांगण्यात आशा किती होती, हे दोघांनाही समजले.

“खोलीत आणखी कोणाला त्रास झाला होता का? तुम्हाला?”

गुरुजी आठवू लागले. “माझ्या डोळ्यांतून पाणी आलं होतं. बराच वेळ.”

“मग तेव्हाच काही कसं वाटलं नाही तुम्हाला?”

सुखीबाई त्यांच्याकडेच पाहत होती.

“वाटलं,” गुरुजी म्हणाले. “मला ते समाधानाचं पाणी वाटलं.”