पांढरीतली हाडं

महागावजवळच्या एका खेड्यात पुंडलिकरावांचं शेत होतं. शेताच्या कोपऱ्यात जुन्या, उठून गेलेल्या वस्तीचं टेकाड होतं. गाव त्याला पांढरी म्हणायचं. त्यांची भाची अपेक्षा नागपूरला जुन्या हाडांचा अभ्यास करायची. तिच्या शब्दाखातर त्यांनी उन्हाळ्यात ती पांढरी खणू दिली.

वरच्या थरात लहानशा देवळाचा पाया लागला. त्याच्याजवळ अख्खा बैल पुरलेला होता, पाय नीट दुमडून. त्याखालच्या, कितीतरी जुन्या थरात गाईबैलांचीच हाडं चुलीच्या राखेत सापडली. त्यांवर सुरीचे वार होते, लांब हाडं आतल्या मज्जेसाठी फोडलेली होती. एकाच जागी माणसांचं जेवण बदललं, आधी खाल्लेला बैल पुढे देवाजवळ मानानं पुरला गेला. अपेक्षा हरखली आणि ओसरीवर बसलेल्यांना तिनं सगळं सांगून टाकलं.

गावात निम्मीच गोष्ट फिरली. पुंडलिकरावांच्या वाडवडलांनी गाय खाल्ली, एवढीच.

पोळ्याच्या आधी यावरून गावच्या देवळात बैठक बसली. तिथं जाताना मामांनी तिला थांबवलं. "रोह्याचे हाडकं हायत म्हन. रानातलं जनावर. कोन पाहाले येते?"

तिनं मान डोलावली, पण देवळात तिच्याच्यानं खोटं बोलवेना. हाडं गाईबैलांचीच आहेत, ती म्हणाली. खाणारे कोणाचे पूर्वज, हे मात्र हाडं सांगत नाहीत. पुढचं कोणी ऐकलं नाही. देवस्थानचे अध्यक्ष किसनराव नुसते उठून गेले.

पोळ्याला मामांनी शिंगं रंगवून, झुली घालून बैल नेले. किसनरावांनी ते तोरणाखाली उभे राहू दिले नाहीत. भरल्या गावातून मामा बैल घेऊन परतले. विमलमामींनी दारातच बैलांना ओवाळलं, पुरणपोळी चारली.

दुसऱ्या दिवशी मामांनी ट्रॅक्टर काढला. नागपूरला न्यायची राहिलेली हाडांची पोती त्यांनी खड्ड्यात रिकामी केली. अपेक्षा ट्रॅक्टरपुढे जाऊन उभी राहिली.

"मामाजी, हे पुन्हा भेटनार नाही."

"तुयं खरं हाय पोरी," मामा खाली न उतरताच म्हणाले. "पन मले याच गावात मराचं हाय."

ती बाजूला झाली. माती लोटली गेली तशी खालून हाडं फुटल्याचा आवाज आला, आणि मामा मागे न पाहता पुन्हा पुन्हा त्यावरून ट्रॅक्टर फिरवत राहिले.