मेस्तावेतचा डावा पाय

एन्तोतोच्या उंच डोंगरावरच्या जंगलात पहाटेचं धुकं नीलगिरीच्या बुंध्यांमधून इतकं सावकाश सरकतं, की आपण पळतोय की झाडंच मागे चाललीत, कळत नाही. आम्ही एकीमागे एक पळतो. पुढचीच्या टाचांवर नजर ठेवायची आणि तिचा पाय उठला तिथे आपला टाकायचा, बस्स. मुळं, दगड, चढ-उतार, सगळं पुढची बघते. मागचीनं अर्धवट झोपेत पळायचं म्हणा ना.

चार वर्षं पुढे मी होते आणि माझ्या मागे मेस्तावेत. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. एरवी तोंडाची टकळी थांबायची नाही, पळताना मात्र मुकी. मी सात वर्षांची असताना गाढवानं लाथ मारून माझा डावा पाय मोडला होता. गावच्या हाड बसवणाऱ्यानं तो बसवला, पण पंजा कायमचा बाहेर वळला. तेव्हापासून माझी चाल वेगळीच आहे. त्या वेड्यावाकड्या चालीतही मेस्तावेतची पावलं अशी मिसळून पडायची, की वाटे मागे कुणी नाहीच, जंगल माझाच आवाज परत देतंय.

मग एका सकाळी कोच देमिसेंनी कॉफी पिता पिता सांगितलं, "युरोपातल्या मॅरेथॉनचं एकच बोलावणं आलंय. पोरींनो, हवासाच्या अर्धमॅरेथॉनमध्ये तुमच्या दोघींत जी पुढे, ती जाणार."

मी एकतीस वर्षांची. पुढच्या वर्षी मला कोण विचारतंय? ते बोलावणं मला हवं होतं, हावरटासारखं हवं होतं. त्यात लाजायचं काय?

मेस्तावेत कप फिरवत म्हणाली, "ताई, तू आपली नेहमीसारखी पुढे पळ. मी मागे आहेच. शेवटचं दोघी बघून घेऊ."

"बघून घेऊ म्हणे! मला ओलांडणार होय गं तू?"

"ओलांडलं तर कॉफी पाजशील?"

"गाळ पाजीन, गाळ."

हवासा हे तळ्याकाठचं गाव आमच्या डोंगरापेक्षा बरंच खाली. तिथे हवा भरपूर, श्वास आपणहून छातीत येऊन बसतो. तळ्याकाठच्या छपरांवर मोठाले करकोचे म्हाताऱ्यांसारखे खांदे पाडून उभे होते. पाण्यावर ऊन सांडलं होतं. शर्यतीचे दहा किलोमीटर गेले, पंधरा गेले. बाकीच्या कधी गळाल्या ते कळलंही नाही. मागे फक्त तिची पावलं, माझ्याच पावलांवर पडणारी. इतकं गोड गुंगल्यासारखं झालं होतं, की ती शर्यत संपूच नये.

अठराव्या किलोमीटरला मला जाग आली. हिच्यात दम आहे, ही मला शेवटी खाणार. आणि मी ते केलं. वळणावर एक पाऊल मोडलं, लय तोडून थांबल्यासारखं केलं आणि सुसाट सुटले. मागे धप्पकन आवाज झाला. मी वळून पाहिलं नाही.

जिंकले. ती तिसरी आली, तळहात सोललेले, गुडघ्यातून रक्त. माझ्या गालांचे मुके घेत म्हणाली, "अडखळले गं ताई. माझंच लक्ष नव्हतं." मी तिचे हात धुतले.

सोमवारी जंगलात कोच मला म्हणाले, "अस्नाकेच, तू मागे. शर्यतीला जाणारीनं दम राखायचा, बाकीच्यांनी पुढे पळून तिला ओढायचं. मेस्तावेत, हो पुढे." आमची रीतच आहे ती. हरलेलीनं जिंकलेलीला ओढायचं, तेही कुरकुर न करता.

चार वर्षांत पहिल्यांदा मी तिच्या टाचा पाहिल्या. धुक्यात त्या पुढेपुढे चालल्या होत्या. उजवा पाय सरळ. डावा पंजा बाहेर. उजवा सरळ, डावा बाहेर. मला वाटलं, मी स्वप्नात स्वतःच्याच मागे पळतेय.

पळणं संपल्यावर तिला गाठलं. "तुझा डावा पाय कधी मोडला होता?"

"माझा? कधीच नाही."

"मग असा वाकडा का टाकतेस?"

तिनं पायाकडे नवल करत पाहिलं. "वाकडा आहे? मला वाटलं, जोरात पळायचं तर असाच टाकायचा असतो. तू टाकतेस ना."

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. इथे ठेच माझी आणि लंगडत होती ती.

"आणि हवासाला?" मी कसंबसं विचारलं. "पडलीस कशी?"

"वळणावर तुझं पाऊल मोडलं ना, मला वाटलं तुझा पाय दुखावला. तुझ्यासाठी थांबायला गेले आणि आपटले." ती हसली. "मूर्खच मी."

मला रडू आलं, आणि रडण्यापेक्षा जास्त स्वतःचा राग आला. तडक कोचकडे गेले.

"तिला पाठवा."

"का? काय झालं?"

"मी मुद्दाम पाऊल मोडलं. तिला पाडायला."

कोचनी काठीनं बुटाचा चिखल काढला. "मॅरेथॉनला सहा आठवडे आहेत," ते म्हणाले. "मग उद्यापासून तिच्यासाठी पुढे कोण?"

"मी."

मेस्तावेतला सरळ पळ म्हणून सांगून उपयोग नव्हता. तिचे पाय कानांचं ऐकत नाहीत, पुढच्या टाचांचं ऐकतात. दुसऱ्या पहाटे धुक्यात मी पुढे झाले आणि डावा पाय सरळ टाकला. चोवीस वर्षांपूर्वी बसलेलं हाड ओरडलं. पुन्हा सरळ टाकला. मागे तिची पावलं आधी चुकली, घोटाळली, मग हळूहळू माझ्या सरळ पावलांत मिसळली.