झाकलेली तारीख

मी एक जुना सूचनाफलक आहे, मित्रांनो, आणि मी भयंकर रागावलेलो आहे. कॉलेजच्या ऑफिसबाहेर, जिन्याशेजारी माझी जागा. सुताराने मला चांगल्या लाकडात घडवलं, वर हिरवं कापड ताणून बसवलं. पहिली वर्षं मजेत गेली. निकाल लागला की पोरं माझ्यावर तुटून पडायची. कुणी रडायचं, कुणी आनंदाच्या भरात माझ्यावरच थाप मारायचं.

मग हेडक्लार्क भाऊसाहेब आले. त्यांनी मला काचेचं दार लावलं आणि दाराला कुलूप. किल्ली त्यांच्या खिशात. जुना कागद कधी काढायचा नाही, नवा त्याच्यावरच टोचायचा, ही त्यांची पद्धत. काढायला कष्ट पडतात ना!

यंदा एका ट्रस्टचं पत्र आलं. परदेशी शिकायला जाणाऱ्या एका विद्यार्थ्याची फी, तिकीट, राहणं, सगळं ट्रस्ट करणार. अर्ज मात्र कॉलेजमार्फतच. पत्र लागलं आणि दोनच दिवसांत संस्थेच्या अध्यक्षांच्या वाढदिवसाचा गुलाबी कागद त्याच्यावर चढला. अध्यक्षांच्या हसऱ्या फोटोखाली अर्जाची शेवटची तारीख गडप झाली.

कॉलेजसमोरच्या इस्त्रीवाल्या बाईंची मुलगी ते पत्र वाचायला आली. तिला परदेशातल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला होता, पण ही शिष्यवृत्ती नाही मिळाली तर जागा सोडावी लागणार होती. काचेला नाक लावून, मान वाकडी करून तिनं पाहिलं. मग ऑफिसच्या खिडकीशी गेली.

"भाऊसाहेब, शेवटची तारीख कधी आहे?"

"बोर्डावर लावलंय. वाचता येतं ना?"

"वर फोटो आहे, दिसत नाही."

"मग नंतर ये. आत्ता कामात आहे."

काम कसलं डोंबलाचं! चहा पीत होते. ती तीनदा आली, तीनदा तेच उत्तर. अस्सा संताप आला मला!

चौथ्यांदा तिची आई बरोबर आली. हातावर भाजल्याचे डाग, आवाज खणखणीत.

"साहेब, कुलूप उघडा. उघडल्याशिवाय मी हलायची नाही."

भाऊसाहेब कुरकुरत उठले. दार उघडून त्यांनी फोटो वर उचलला. तारीख कालची होती.

पोरीनं तारखेवर बोट ठेवून ती पुन्हा वाचली.

"अगं, आधी नाही का सांगायचंस?" भाऊसाहेब म्हणाले. "असू दे, पुढच्या वर्षी भर."

"पुढच्या वर्षी तिची जागा तुम्ही धरून ठेवणार का?" आई कडाडली. भाऊसाहेबांनी कुलूप लावलं.

मित्रांनो, शेवटी 'माझी निगा राखा' म्हणायची आम्हा वस्तूंची रीत आहे. माझी निगा गेली खड्ड्यात! काच फुटू दे, वाळवी लागू दे. पण उद्या तुमच्यापैकीच कुणी त्या खुर्चीत बसेल आणि खिडकीशी येऊन एखादी पोर तारीख विचारील. तेव्हा उठा आणि बघून सांगा. मी पडलो लाकूड, मला उठता आलं नाही. भाऊसाहेबांचे पाय तर धडधाकट होते.